दर बुधवारी त्याच घरी

समाजकार्य शिकायला कॉलेजात जावं लागतं, हे आमच्या आमगावात कोणाला म्हणजे कोणाला पटलं नाही. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. माझ्या वयाच्या पोरी डीएडचे फॉर्म भरायला रांगा लावत होत्या आणि मी गोंदियाला एमएसडब्ल्यूला नाव घातलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. दुकानदार शेठ साखर तोलता तोलता म्हणाले, "समाजसेवा? अरे बेटा, वो तो रिटायर होने के बाद करते हैं. तू अभी से?"

शेठचाही दोष नव्हता. गोंदियाच्या चौकाचौकात मोठाले बोर्ड लागायचे. पांढरे कपडे, जोडलेले हात, खाली नाव आणि नावाखाली 'समाजसेवक'. त्यामुळे लोकांच्या लेखी हे काम दोनच प्रकारच्या माणसांचं. ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याचं, नाहीतर ज्याला दुसरं काही जमलं नाही त्याचं. मी पहिल्या प्रकारातली दिसत नव्हते. उरलेला अर्थ नातेवाइकांनी आपापला काढला. माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. रुळांवर काम करून आलेला माणूस संध्याकाळी ओट्यावर बसला की कोणीतरी विचारायचंच, पोरगी काय शिकते? बाबा म्हणायचे, "एम्मेच आहे, पण जरा मोठं." जरा मोठं म्हणजे काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण माझी बाजू ते सोडत नसत, आणि मला त्यानं आजही भरून येतं.

मी वर्गात हुशार होते. हुशार म्हणजे पाठांतराला. माणसाला आहे तसं स्वीकारावं, त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्यावा, त्याचं गुपित गुपितच ठेवावं, ही सगळी तत्त्वं मला उदाहरणांसकट तोंडपाठ होती. गोपनीयतेवर तर मी न थांबता तीन पानं लिहायची. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य असायचं. नेमून दिलेल्या गावात जायचं, लोकांत मिसळायचं, आल्यावर कोण काय बोललं ते शब्दन्‌शब्द वहीत उतरवायचं आणि ती वही आमच्या मार्गदर्शक मॅडमना द्यायची. त्या लाल शाईनं शेरे मारायच्या. माझ्या वहीत शेरे कमी आणि 'छान' जास्त, आणि त्याची मला चांगलीच गुर्मी होती.

मला मिळालेलं गाव देवरीच्या बाजूचं. हायवेवर बसमधून उतरायचं आणि अर्धा तास चालायचं. पहिल्या दिवशी हातात वही बघून एका म्हाताऱ्यानं मला थेट घरात नेलं आणि छताकडे बोट दाखवलं. "लिहून घ्या जी. घरकुल पायजे." पुढच्या घरी बाईनं लेकरू पुढे केलं आणि त्याचं तोंड उघडलं, पोलिओचे थेंब घालायला. तिसऱ्या घरी दार लावून घेतलं. नसबंदीवाली समजून. समाजकार्याची विद्यार्थिनी आहे, असं मी दहा वेळा सांगितलं असेल. शेवटी एक बाई कंटाळून म्हणाली, "बरं बाप्पा, पण तुमी देता काय?" मी म्हटलं, काही देत नाही. "मंग येता कायले?"

याचं उत्तर माझ्या तीन पानांत नव्हतं.

दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर, गावच्या शाळेत सिकलसेल तपासणीचं शिबिर लागलं आणि मला उत्तर सापडल्यासारखं झालं. आमच्या भागात हा रक्ताचा आजार बऱ्याच घरांत आहे. ज्याला पूर्ण आजार असतो त्याचे सांधे ठणकतात, वरचेवर ताप येतो, रक्त चढवावं लागतं. जो नुसता वाहक असतो त्याला काहीएक त्रास नसतो. तो शेतात राबतो, शंभर वर्षं जगतो. फक्त वाहकाचं वाहकाशी लग्न झालं तर लेकरांना पूर्ण आजार होऊ शकतो. गोष्ट एवढीच. पण गावात सिकल म्हणजे सिकल, अर्धं काय नि पूर्ण काय. नाव निघालं की त्या घरची पोरगी कोणी करायची नाही. म्हणून आरोग्य केंद्राच्या सिस्टरनं निकालाचे कागद घड्या घालून माझ्या हाती दिले आणि सांगितलं, एकेकाला घरी जाऊन समजाव, चारचौघांत बोलू नको.

वाहक पाच-सहा निघाले. बाकीच्यांकडे मी एक-दोनदा गेले. त्यांनी माना डोलावल्या, काम झालं. एका घरी मात्र मला पुन्हा पुन्हा जावं लागलं. आमच्यासारखंच बौद्ध कुटुंब. नवरा नागपूरला बांधकामावर, सणावाराला यायचा. घरी बाई, त्यांना मी मावशी म्हणायची, आणि त्यांची वीस वर्षांची मुलगी. मुलगी वाहक होती आणि तिची सोयरीक जमत आली होती. दोन गावं पलीकडचा मुलगा, ट्रॅक्टर चालवायचा. बघायला आला तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत तिला एकच विचारलं होतं, "तुले गाडीवर बसाले भेव लागते का?" हे सांगताना ती इतकी हसायची की पुढचं वाक्य तिला पुरं करता यायचं नाही. मुलगा तिला आवडला होता. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस तेवढा धरायचा राहिला होता.

मी दर बुधवारी जायची. त्यांच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसायची. कोरा चहा व्हायचा आणि मी तेच समजवायची. साक्षगंधाच्या आधी मुलाचंही रक्त तपासायला सांगा. त्याचं नीट निघालं तर काही चिंताच नाही. मावशी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "असं सांगतलं त ते आमच्या दारात पाय ठेवतीन का?" मी म्हणायची, निर्णय तुमचा. मग पुढच्या बुधवारी पुन्हा. कोणाला मी अवाक्षर सांगितलं नाही. बसमधल्या मैत्रिणींनाही नाही. आपण किती चांगलं काम करतो आहोत, असं वाटून परतीच्या वाटेवर माझी चाल बदलायची, हे मी कबूल करते.

असे सहा बुधवार गेले. सहाव्या बुधवारी मी हायवेवर बसची वाट बघत उभी होते. एक पन्नाशीचा माणूस सायकलवरून उतरला. डोक्याला उपरणं, बोलणं मऊ.

"तुमीच का जी गोंदियाच्या मॅडम?"

"हो."

"मी त्या पोराचा मामा. ट्रॅक्टरवाल्या." त्यानं सायकल स्टँडवर लावली. "लोक म्हणून राहिले का तुमी दर बुधवारी त्याच घरी जाता. एवढ्या घराईत त्याच घरी काऊन? काई बिमारी हाय का तिथं?"

पाठ केलेलं सगळं सरसर वर आलं. मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "मामा, मी कोणत्याही घरची माहिती दुसऱ्याला सांगू शकत नाही. आमचा तसा नियम आहे."

मामा मान हलवून म्हणाला, "समजलं जी." सायकल काढून निघून गेला. मला वाटलं, काय छान निभावलं. बसमध्ये बसल्या बसल्या मी ते वाक्य वहीत लिहूनही टाकलं.

त्याला काय समजलं, ते मला पुढच्या बुधवारी कळलं.

मावशी अंगणात धान पाखडत होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. सूप थांबवलं नाही. मी उभीच.

"सोयरीक मोडली," त्या म्हणाल्या. "निरोप आला परवा. तुले इचारलं होतं ना त्यानं?"

"मी काही सांगितलं नाही मावशी. खरंच. एक शब्द नाही."

"हाव. तेच त झालं." आता त्यांनी सूप खाली ठेवलं. तोवर त्या मला मॅडम आणि तुमी म्हणत. त्या दिवशी तू झालं. "बिमारी नसती त नाई म्हटली असती. एवढं साधं नाई समजत का तुले? काई नाई हाय, असं म्हणाले तोंड दुखत होतं?"

"खोटं कसं बोलू?"

"माह्या पोरीसाठी एक खोटं बोलली असती त तुही डिग्री जात होती का?"

खोटं बोलले असते आणि पुढे कदाचित त्या दोघांच्या लेकराला रात्रंदिवस सांधे धरून रडताना बघावं लागलं असतं, हे खरं. पण त्या क्षणी माझ्या मनात ते लेकरू नव्हतंच, हेही तितकंच खरं. माझ्या मनात माझी वही होती.

मुलगी दारात उभी होती. रडून डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता. तिनं विचारलं, "मॅडम, तुमचं रक्त काय निघालं?"

मी आख्ख्या गावाला रांगेत उभं केलं होतं. बोट टोचताना लेकरांचे हात धरले होते. माझं स्वतःचं रक्त मी तपासलंच नव्हतं. सुचलंच नव्हतं. आपण समजावणारे, तपासून घेणारे ते, असं कुठेतरी धरून चालले होते. तसं मी तिला सांगितलं. ती आत निघून गेली.

आठवडाभरानं वही परत आली. मामाच्या प्रसंगाशेजारी लाल शाईत लिहिलं होतं, 'गोपनीयतेचे उत्तम पालन'. तो शेरा बघून माझं डोकंच फिरलं. मी तडक मॅडमच्या खोलीत गेले, पुढचं सगळं सांगितलं आणि रडले. वर हेही ऐकवलं की तुम्ही शिकवलेलं सगळं फोल आहे. दुसऱ्या कोणी बाहेर काढलं असतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझ्या जागी मीही तेच बोलले असते," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांग. बाकीच्या घरी तू का जात नव्हतीस?"

"तिथं काम नव्हतं."

"काम नसलेल्या घरी जाऊन बसायचं असतं, म्हणजे काम असलेलं घर ओळखू येत नाही. हे मी तुम्हाला वर्गात सांगायला हवं होतं. चूक माझीपण आहे."

इतकी वर्षं झाली. पुढे मी सरकारी दवाखान्यात लागले, नव्या पोरापोरींना गावांत घेऊन गेले. त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते, ओळीनं पहिल्या घरापासून जा आणि सगळ्यांकडचा चहा प्या. पोरं कुरकुरतात, पोटात ॲसिडिटी होते म्हणतात. होऊ दे म्हणते.

तर मॅडमशी बोलणं झाल्यावर मी आधी गोंदियाला जाऊन माझं रक्त दिलं. निकालात काही निघालं नाही. मला फार आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. मग त्या गावात गेले आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. छतवाल्या म्हाताऱ्याकडे बसले. दार लावणाऱ्या बाईकडे बसले, तिनं या वेळी उघडलं. मावशींचं घर ओळीत आलं तेव्हा तिथंही गेले, इतरांकडे बसले तेवढाच वेळ बसले. मावशी बोलल्या नाहीत, पण चहा आला. मुलीला मी माझा निकाल सांगितला. "मंग सुटल्या तुमी," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

तिसऱ्या खेपेला तिनंच मला विहिरीवर गाठलं. "मामाले अन् त्याले आमच्या घरी बोलवा. मी सांगीन."

"काय सांगशील?"

"जे हाय ते. लोक काईही म्हणून राहिले. कोणी टीबी म्हणते, कोणी एड्स म्हणते. त्याहून सिकल बरा."

मी सवयीनं सुरू केलं, "बघ, निर्णय तुझा आहे..."

"ते मालूम हाय जी," ती म्हणाली. "तुमी फक्त निरोप द्या."

मावशींनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. मग त्यांनीच अंगण सारवलं.

मामा आला, मुलगा आला. मी एका कडेला बसले होते. आमच्याकडे पोरीनं सोयरिकीच्या बैठकीत तोंड उघडायची रीत नाही. विचारलं तर नाव सांगायचं आणि चहाचा ट्रे घेऊन आत जायचं. ती चहा देऊन आत गेली नाही. तिथंच उभी राहिली. मी तिला जसं समजावलं होतं, त्यापेक्षा सोपं करून तिनं सांगितलं. मला बिमारी नाही, पण माझ्या रक्तात तिचा अर्धा भाग आहे, तुमच्यातही असला तर लेकरांना त्रास होईल, नसला तर काही नाही. हात तिनं ओढणीत गुंडाळले होते.

मामाच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, आता हा उठतो. तो उठला नाही. "आमच्या घरी एक लेकरू गेलं," तो म्हणाला. "याच्या बहिणीचं. सारे सांधे सुजत होते त्याचे. तवा आमाले नाव मालूम नव्हतं. म्हणून इचारलं होतं जी मी त्या दिवशी, दुसरं काई नाई."

मुलगा इतका वेळ खाली बघत होता. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "माहं रक्त कुठं द्याचं?"

देवरीच्या दवाखान्यात मीच त्याच्यासोबत गेले. निकाल यायला दोन-अडीच आठवडे लागायचे. ते दिवस मी कसे काढले, काय सांगू. देवाधर्माचं आमच्या घरी फारसं नाही, पण बसमध्ये डोळे मिटून मी मनात म्हणायची, याचं नीट निघू दे. तिच्यासाठी म्हणायची. माझ्या गळ्यातला धोंडा उतरावा म्हणूनही म्हणायची.

मोहफुलांचे दिवस आले होते. त्या बुधवारी मावशींच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती आणि सगळीकडे त्यांचा गोड, जड वास होता. मी ओळीनं घरं करत तिथं पोचले, तर मुलगा सपरीत बसलेला. मामा नाही, कोणी नाही, एकटाच आला होता. कागद त्यानं दवाखान्यातून स्वतः घेतला होता. त्यानं तो माझ्या हातात दिला नाही, मुलीच्या हातात दिला. ती दहावी शिकलेली होती, तिला वाचता आला.

तोही वाहक होता.

मी सांगायचं ते सांगितलं. लग्न करूच नये असा कायदा नाही, पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, पण त्यासाठी लांब मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. मुलानं सगळं ऐकून घेतलं. "बहिणीचं लेकरू म्या मांडीवर घेऊन बसलो होतो जी," एवढंच तो म्हणाला. मुलीनं मान हलवली. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही, तरी आता हे लग्न नाही, हे त्यांचं ठरलं ते आम्हाला कळलं.

मावशी चुलीकडे गेल्या. त्यांनी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं आणि त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जावयाला वाढावं तसं दोनदा आग्रह करून वाढलं. जेवून तो उठला तेव्हा मुलगी चपला घालू लागली. भर दुपारी, ओळीतल्या सगळ्या घरांच्या डोळ्यांदेखत, ती त्याच्यासोबत हायवेपर्यंत गेली. कोणी हटकलं नाही.

ती परत आली तेव्हा मी निघायच्या तयारीत होते. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. माफी मागायची होती बहुतेक. मी सुरुवात केली आणि मला रडूच आलं. तिनं माझ्या हाताला धरून मला परत खाली बसवलं.

"रडू नका जी," ती म्हणाली. "पैल्या खेपेले लोकाईनं मोडली होती. आता आमी दोघाईनं मोडली."

मग ती अंगणात गेली आणि मोहफुलं उलटीपालटी करू लागली. खालची बाजू अजून ओली होती.